हुशार मूल वाचनात का अडखळते?
(बारामती-इंदापूर भागातील शेतकरी पालकांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कृषिविद्या हा माझा विषय. तरी आज पिकाऐवजी मुलांविषयी बोलणार आहे. शिवारफेरीत माती-पाण्याचे बोलणे संपले की बांधावर हमखास एक वाक्य कानी येते, "पोरगं कामाला वाघ आहे, पण पुस्तक हाती घेतलं की ढ." पुढचे वाक्यही ठरलेले असते, "नाहीतरी शेतीच करायचीय, मग शाळा कशाला?" या दुसऱ्या वाक्यामुळे हा विषय घेतला.

नीरा डाव्या कालव्याखालच्या चुनखडीयुक्त जमिनीत उसाच्या खोडव्यावर केवडा पडतो, हे आपण जाणता. पीक पिवळे दिसले की नवखा माणूस युरिया टाकतो. जाणकार मात्र पिवळेपणा कोठून सुरू झाला ते पाहतो. जुनी, खालची पाने आधी पिवळी पडली तर नत्र कमी. शेंड्याची कोवळी पाने पडली तर लोह कमी. तेथे हिराकसच लागते. वाचता न येणाऱ्या मुलाला छडी आणि जादा शिकवणी देणे म्हणजे केवड्यावर युरिया टाकणे होय.

या अडचणीला डिसलेक्सिया म्हणतात. सन १८९६ मध्ये इंग्लंडचे डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी अशा एका १४ वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा चलाख, खेळात तरबेज. पण वाचन येईना. सारे शिक्षण तोंडी असते तर हाच शाळेत पहिला आला असता, असे त्याचे मास्तर म्हणत. अशा मुलांची बुद्धी शाबूत असते. अक्षर आणि त्याचा आवाज यांची सांगड मेंदूत सहज बसत नाही, एवढेच. हा दोष पुष्कळदा घराण्यात चालतो. तेव्हा आईला किंवा सुनेला बोल लावण्यापूर्वी वडिलांनी आपली शाळा आठवावी!

आता लक्षणे. मूल उशिरा बोलू लागते, बडबडगीतातील यमक त्याच्या ध्यानात येत नाही. शाळेत गेल्यावर घ-ध, भ-म, ब-व यांत गल्लत होते, काना-मात्रा गळतात, जोडाक्षर आले की गाडी अडते. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढायची आणि उच्चार मात्र नंतर करायचा, हे त्याला फार जड जाते. काही मुलांचा अंकांतही घोटाळा होतो. 'छत्तीस' म्हणताना सहा आधी ऐकू येतो, लिहिताना तीन आधी येतो. मग ३६ चे ६३ होतात. (२०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची रीत आली, तेव्हा तिची पुष्कळ थट्टा झाली. या मुलांच्या बाजूने पाहिले तर त्या रीतीत तथ्य आहे.) तिसरी-चौथीत मूल पहिले अक्षर पाहून उरलेला शब्द अंदाजाने ठोकते. तोंडी हिशोब चोख, पण फळ्यावरचे उतरवून घेण्यात सर्वांच्या मागे. मोठ्याने वाचायची पाळी आली की पोट दुखू लागते.

पाच-सहा वर्षांचे कोणतेही मूल अक्षरे उलटी काढते, त्याची धास्ती नको. दुसरी संपल्यावरही हे चालूच राहिले तर मात्र थांबू नये.

आणखी एक सावधगिरी. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथील कारखान्यांवर ऊसतोडीला येणाऱ्या कुटुंबांतील मुलांची शाळा हंगामात तुटते. त्यांना वाचता येत नाही ते बहुधा शिकायला मिळाले नाही म्हणून. त्यांच्यावर डिसलेक्सियाचा शिक्का मारणे हा अन्याय आहे. त्यांना आधी शाळा मिळाली पाहिजे. तसेच डोळे व कान तपासल्याशिवाय कोणताही निष्कर्ष काढू नये. कित्येकदा चष्म्यानेच काम भागते.

संशय आला तर प्रथम वर्गशिक्षकांशी बोलावे. पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, त्यांची गाठ घ्यावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे वैद्यकीय पथक शाळेत येते, त्यालाही सांगावे. पक्के निदान साधारण आठव्या वर्षानंतर होते. पुण्याच्या ससून रुग्णालयात त्याबाबत चौकशी करावी. सन २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अडचणीचा समावेश झाला आहे. प्रमाणपत्र असल्यास दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. अर्ज भरायच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून हे होत नाही. आठवी-नववीतच कामाला लागावे.

यावर औषध नाही. बुद्धी वाढविणारी टॉनिके घेऊन पैसे घालवू नयेत. घरी रोज पंधरा मिनिटे पुरेत. ताटात बारीक वाळू पसरून अक्षर बोटाने गिरवून घ्यावे, गिरवताना त्याचा आवाज मोठ्याने म्हणवून घ्यावा. एका वेळी एकच अक्षर घ्यावे. घ पक्का होईपर्यंत ध काढू नये. धडा आपण वाचून दाखवावा आणि उत्तरे तोंडी विचारावीत. आपल्याला वाचता येत नसेल तर थोरल्या भावंडाला बसवावे.

पिकाची नोंदवही ठेवतो तशी मुलाचीही तीन महिने ठेवावी. कोणते अक्षर चुकले, कोणत्या दिवशी शाळा नको म्हणाला, हे तारखेनिशी लिहावे आणि तपासणीला जाताना ती वही बरोबर न्यावी. तोंडी सांगण्यापेक्षा डॉक्टरांना तिचा उपयोग अधिक होतो.