गावाचा आराखडा गावानेच करावा



पाच वर्षांचा आराखडा कचेरीत बसून लिहिला, की रस्ता-गटार येते अन् शिवारातले पाणी राहून जाते. मग उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात.

अहिल्यानगर जिल्ह्यातले हिवरे बाजार बघा. १९९० नंतर तिथल्या ग्रामसभेने पंचवार्षिक योजना आखली. आधी पाणी अडवले, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी केली. पाऊस मोजून पाण्याचा हिशेब मांडायचा, मगच पिके ठरवायची, उसाला नको म्हणायचे, हे सर्वांनी मिळून ठरवले.

आपण काय करावे? ग्रामसभेआधी शिवारफेरी काढा. महिला सभा आधी भरवा. घागरीमागची पायपीट त्याच सांगतील. कामांचा क्रम सभेतच लावा, ठराव वाचून घ्या. सभा चुकवलीत, तर पाच वर्षे कुरकुरून उपयोग नाही.