दहा लाखावा पाहुणा



१० सप्टेंबर १९६४ रोजी पश्चिम जर्मनीतील कोलोन-डॉइट्स स्थानकावर पोर्तुगालचा एक सुतार गाडीतून उतरला आणि बँड वाजू लागला. आर्मांडो रॉड्रिग्ज द सा हा दहा लाखावा ‘पाहुणा कामगार’ ठरला होता. त्याला फुले आणि एक मोपेड मिळाली. पुढे तो आजारी पडून मायदेशी परतला, साठवलेली पुंजी औषधपाण्यात गेली आणि १९७९ साली तो वारला.

दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीचे कारखाने जोरात चालू लागले, पण माणसे पुरेनात. १९५५ मध्ये इटलीशी भरतीचा करार झाला. ऑगस्ट १९६१ मध्ये बर्लिनची भिंत उभी राहून पूर्व जर्मनीतून येणाऱ्या कामगारांची आवक थांबली आणि ऑक्टोबरात तुर्कस्तानशी करार झाला. इस्तंबूलच्या भरती कचेरीत उमेदवारांचे दातसुद्धा तपासत. खाणीतली, भट्टीजवळची, असेंब्ली लाइनवरची अंगमेहनतीची कामे या लोकांनी उचलली. लाखो जर्मन कामगार मुकादम, कारकून, तंत्रज्ञ झाले. पेन्शन योजनेची वर्गणी हे तरुण पाहुणे कामगार भरत, पेन्शन म्हाताऱ्या जर्मनांना मिळे. यजमानांचा फायदा निर्विवाद होता.

दोन वर्षांनी माणसे बदलायची, असे तुर्की करारात होते. कारखानदारांनाच ते परवडेना. शिकवून तयार केलेला माणूस कोण घालवणार? १९६४ मध्ये ती अट गेली. नोव्हेंबर १९७३ मध्ये तेलसंकटाच्या वेळी भरती बंद झाली, तेव्हा सरकारच्या अपेक्षेच्या उलटेच घडले. एकदा गेलो तर परत येता येणार नाही, हे ओळखून अनेकांनी बायकामुलांनाच बोलावून घेतले. सुमारे १ कोटी ४० लाख माणसे आली होती, त्यांतली १ कोटी १० लाख परतली. उरलेल्यांच्या भाषेची, मुलांच्या शाळेची, नागरिकत्वाची धड तजवीज कोणी केली नव्हती.

खाणी बंद पडू लागल्यावर बेकारीची झळ आधी त्यांनाच लागली. १९९३ मध्ये झोलिंगेनला एका तुर्की कुटुंबाचे घर पेटवण्यात आले. पाच स्त्रिया व मुली मेल्या. परदेशी आईबापांच्या जर्मनीत जन्मलेल्या मुलांना जन्माने नागरिकत्व मिळण्याची सोय झाली ती २००० साली. ही दिरंगाई अक्षम्य होती.

या दिरंगाईत काय काय गमावले असेल, याची कल्पना एका मुलावरून येते. उगुर शाहीनचे वडील कोलोनला फोर्डच्या कारखान्यात कामाला होते. विद्यापीठाकडे न नेणाऱ्या शाळेची शिफारस शिक्षकांनी त्याच्यासाठी केली होती. एका जर्मन शेजाऱ्याने रदबदली केली म्हणून तो पुढे शिकला. २००८ मध्ये त्याने आणि तुर्की डॉक्टरची मुलगी ओझलेम ट्युरेजी हिने मायन्झमध्ये बायोएनटेक ही कंपनी सहकाऱ्यांसोबत काढली. या कंपनीची कोविड लस जगभर गेली आणि कंपनीच्या करामुळे मायन्झ शहर जुन्या कर्जाच्या ओझ्यातून मोकळे झाले. असा शेजारी न भेटलेली मुले किती असतील!

हीच वाट आता आपल्यासमोरही आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. आज पदवी स्वीकारणाऱ्या स्नातकांनो, तुमच्यापैकी जे तिकडे जातील त्यांनी जर्मन नीट शिकावी, विम्याचे आणि कामाचे हक्क पहिल्याच महिन्यात समजून घ्यावेत. जे इथे राहून कारखाने, बांधकामे, रुग्णालये चालवतील, त्यांनी परप्रांतातून आलेल्या आपल्या कामगाराच्या मुलाला शाळेत प्रवेश मिळाला की नाही, हे स्वतः जाऊन पाहावे.