त्याच्या आईची वही

आमच्या घरी एक वही आहे. लाल कापडी बांधणीची, किराणा दुकानदार उधारी मांडण्यास वापरतात तसली. तिच्यावर नाव नाही. आत तारखा मात्र काटेकोर आहेत. पहिली नोंद फेब्रुवारी २००४ मधील आहे. ‘आज पंखा बंद केला तेव्हा तासभर रडला. हाक मारली, वळला नाही. कुकरची शिट्टी झाली तेव्हा दोन्ही कान झाकून घेतले.’ ही नोंद करणारी माझी पत्नी. आणि ज्याच्याविषयी ती केली तो आमचा एकुलता एक मुलगा. त्या वेळी तो अडीच वर्षांचा होता, आता पंचविशीला आला आहे. या भाषणात मी त्याचे नाव घेणार नाही. सज्ञान माणसाचे नाव त्याच्या संमतीवाचून चारचौघांत घेऊ नये, ही साधी रीत आपण अशा मुलांच्या बाबतीत फार लवकर विसरतो.

वैद्यकशास्त्र ज्या अवस्थेला ऑटिझम म्हणते तिच्यासाठी मराठीत ‘स्वमग्नता’ हा शब्द रूढ झाला आहे. मूळ शब्द ब्लॉइलर या स्विस मनोवैद्याने ‘स्वतः’ या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून विसाव्या शतकाच्या आरंभी घडविला, तोही निराळ्याच आजाराच्या संदर्भात. मराठी प्रतिशब्द सुबक आहे. तरी माझे त्याच्याशी भांडण आहे. माझा मुलगा स्वतःत मग्न कधीच नव्हता. तो पंख्याच्या पात्यांत मग्न होता, नळातून पडणाऱ्या धारेत मग्न होता, खिडकीच्या गजांची सावली भिंतीवर कशी सरकते ती पाहण्यात मग्न होता. स्वतःमध्ये मग्न असणारी माणसे मी कचेरीत पस्तीस वर्षे पाहिली; त्यांना कोणी दाखल्यासाठी रुग्णालयात धाडले नाही. असो. ही अवस्था जन्मजात असते, मेंदूच्या वाढीतच तिचे मूळ असते. काही मुले मुळीच बोलत नाहीत, काही अखंड बोलतात पण संभाषण करीत नाहीत. आवाज, प्रकाश, कापडाचा स्पर्श या गोष्टी आपल्याला जाणवतात त्याहून त्यांना कैक पटींनी अधिक किंवा पुष्कळ कमी जाणवतात. ठरलेला क्रम मोडला की त्यांचा सगळा दिवस मोडतो. आणि बुद्धी म्हणाल, तर ती अतितीव्रतेपासून मंदत्वापर्यंत कोणत्याही पायरीवर असू शकते.

हे सारे आज मी सांगतो आहे. २००४ मध्ये मला यातले अक्षरही ठाऊक नव्हते. रामबागेतील आमच्या घरी नातेवाइकांचा राबता मोठा. प्रत्येकाचे एक निदान होते. ‘मामाही उशिराच बोलला’ येथून सुरुवात झाली आणि हळूहळू गाडी ‘आई नोकरीला जाते, पोर पोरके झाले’ येथे येऊन थांबली. माझी पत्नी तेव्हा बँकेत होती. हे बोल तिच्यासमोर बोलले जात, आणि मी तेथेच बसलेला असे. मी काहीच बोललो नाही. खरे सांगावयाचे तर मनातून मलाही ते थोडेसे पटत होते, कारण ते पटवून घेणे माझ्या सोयीचे होते. २००५ च्या मार्चमध्ये तिने नोकरी सोडली. तिच्या त्या निर्णयाला आम्ही सर्वांनी ‘त्याग’ असे नाव दिले आणि मोकळे झालो.

पुढे कित्येक वर्षांनी वाचावयास बसलो, तेव्हा आढळले की माझ्या या पापात मोठमोठे विद्वान वाटेकरी होते. बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ऑटिझमची ओळख जगाला प्रामुख्याने तेथून झाली. त्याच निबंधात त्यांनी असेही लिहून ठेवले की या मुलांचे जन्मदाते बुद्धिमान असले तरी खऱ्या मायेचे थोडेच. एका वाक्याचा केवढा वृक्ष झाला पाहा! पुढे ‘शीतकपाटासारखी थंड आई’ ही कल्पना रूढ झाली. शिकागोच्या ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ मध्ये ग्रंथ लिहून तिचा डंका पिटला. पिढीभर मातांना सांगण्यात आले की तुमच्या मुलाला तुम्हीच असे केलेत. याला पहिले सणसणीत उत्तर दिले ते एका बापाने. बर्नार्ड रिमलँड हे अमेरिकन आरमारात मानसशास्त्रज्ञ होते आणि त्यांचा मुलगा ऑटिस्टिक होता. त्यांनी ग्रंथालये पालथी घातली आणि १९६४ मध्ये पुस्तक लिहून दाखवून दिले की दोष आईच्या मायेत नसून याचे कारण शरीरात, मेंदूत आहे. पुढे १९७७ मध्ये जुळ्या भावंडांच्या अभ्यासाने आनुवंशिकतेचा पुरावाही हाती आला. कॅनर यांची थोरवी अशी की १९६९ मध्ये पालकांच्या सभेत उभे राहून त्यांनी आईबापांना या आरोपातून जाहीरपणे मुक्त केले.

हा इतिहास मी पत्नीला मोठ्या उत्साहाने वाचून दाखविला. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, ‘‘अहो, तुम्ही त्या वेळी गप्प बसला होतात, हे मी वहीत लिहिलेले नाही.’’

कॅनर यांच्या त्या ११ मुलांतील पहिला डोनाल्ड ट्रिप्लेट. मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या लहानशा गावचा. डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याला वयाच्या चौथ्या वर्षी एका संस्थेत ठेवण्यात आले होते. आईबापांनी सुमारे वर्षभराने त्याला तेथून परत आणले. मग त्याच्या वकील बापाने कॅनर यांना मुलाविषयी टंकलिखित ३३ पानांचे पत्र पाठविले. मूल काय खाते, काय टाळते, कोणते शब्द पुनःपुन्हा उच्चारते, सारे त्यात होते. कॅनर यांचा शोध कॅनर यांचाच. परंतु त्याचा पहिला कच्चा माल एका घरातून टपालाने गेलेला होता. डोनाल्ड पुढे गावातल्याच बँकेत नोकरीस राहिला, गोल्फ खेळला, एकट्याने देशोदेशी हिंडला आणि २०२३ मध्ये ८९ वर्षांचा होऊन वारला. त्याच्याविषयी वाचताना मला नवल वाटले ते त्याच्या प्रवासांचे नव्हे, त्या गावाचे. गावाने त्याला आपला म्हणून सांभाळले, त्याच्या वाटेला कोणाला जाऊ दिले नाही.

इंदुरात राहणाऱ्या आपणा मराठी माणसांची एक निराळी अडचण आहे, तिच्याविषयी थोडे विस्ताराने बोलतो. घरात मराठी, अंगणाबाहेर हिंदी, शाळेत इंग्रजी. आणि आपली मराठीही अशी की ग्वाल्हेर-पुण्याचे पाहुणे हसतात. मुलगा चार वर्षांचा असता एका तज्ज्ञाने आम्हांस बजावले की याच्या कानावर एकच भाषा पडू द्या. बाहेर हिंदी आहे, तेव्हा घरातली मराठी बंद करा. आम्ही आज्ञा पाळली. माझ्या आईला हिंदी बाजारापुरतीच येत असे. नातवाशी ती हिंदीतून काय बोलणार? ‘इधर आ’, ‘खाना खा’ यापुढे तिची गाडी सरकेना. ओव्या गेल्या, चिऊकाऊ गेले, पाठीवर हात फिरवताना पुटपुटायचे शब्द गेले. दोन वर्षे माझ्या आईने आपल्या नातवाशी जवळजवळ अबोला धरला आणि आम्ही त्याला उपचार समजत होतो. आजचे संशोधन सांगते की दोन भाषा ऐकल्याने ऑटिस्टिक मुलाच्या भाषेची हानी होते याला आधार मिळालेला नाही. सल्ला देणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. परंतु हे बोलणे कोणा तरुण जोडप्याच्या कानी पडत असेल, तर त्यांनी आजीची भाषा बंद करू नये, एवढे मी हात जोडून विनवतो.

आमची मराठी परत आली ती अपघाताने. आई स्वयंपाकघरात होती, कुकर लावलेला होता आणि मुलगा नेहमीप्रमाणे कान झाकून दाराशी उभा होता. आई सवयीने स्वतःशीच म्हणे, ‘‘तीन झाल्या, पुरे.’’ त्या दिवशी तिसरी शिट्टी झाली आणि आईने तोंड उघडण्यापूर्वीच दाराकडून आवाज आला, ‘‘पुरे.’’ सहा वर्षांच्या मुलाचा हा पहिला शब्द. वहीत त्या दिवसाच्या पानावर एवढेच आहे: ‘पुरे’, आणि खाली वेळ. दुसऱ्या दिवशी माझी पत्नी खजराण्याला गेली. मनात इच्छा धरून गणपतीच्या देवळाच्या मागील भिंतीवर उलटा स्वस्तिक काढावयाचा आणि इच्छा पूर्ण झाली की सुलटा काढावयाचा, ही तिथली प्रथा आपणांस ठाऊकच आहे. तिने सुलटा काढला. मी विचारले, ‘‘अगं, मुलगा बरा कोठे झाला?’’ ती म्हणाली, ‘‘मी बरा कर म्हणून मागितलेच नव्हते. एक शब्द मागितला होता.’’

शाळेची कहाणी थोडक्यात उरकतो, कारण ती बहुतेक घरी सारखीच असते. एका शाळेने जागा नाही म्हणून सांगितले, दुसरीने घेतले आणि इतर पालकांच्या तक्रारीनंतर सहा महिन्यांनी आम्हांला बोलावून चहा दिला. चहा पाजला की समजावे. कायदा तेव्हा आमच्या बाजूने फारसा नव्हता. १९९५ च्या अपंगांविषयीच्या कायद्यात सात प्रकार गणले होते, त्यांत ऑटिझम नव्हता. १९९९ मध्ये राष्ट्रीय न्यासाचा कायदा झाला, त्याच्या नावात तो प्रथम आला. त्यामागे दिल्लीच्या मेरी बरुआ यांच्यासारख्या पालकांची खटपट होती. आपल्या मुलासाठी वाट शोधता शोधता त्यांनी १९९१ मध्ये ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था उभी केली. तरीसुद्धा दाखला मिळेना. आमच्या मुलाच्या कागदावर वर्षानुवर्षे ‘मतिमंद’ हाच शब्द होता, कारण छापील नमुन्यात दुसरा रकाना नव्हता. २०१६ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने ऑटिझमच्या दाखल्याचे नियम प्रसिद्ध केले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात संमत झालेल्या नव्या कायद्यात २१ प्रकारांमध्ये त्याला स्थान मिळाले. सहा ते अठरा वर्षांपर्यंत विनामूल्य शिक्षणाचा हक्क त्या कायद्यात आहे. ४० टक्के वा अधिक अपंगत्वाचा दाखला मात्र लागतो.

त्या तपासणीसाठी एक भारतीय मोजपट्टी वापरतात. ४० मुद्दे, प्रत्येकी एक ते पाच गुण. जितके गुण अधिक तितकी अवस्था तीव्र. मुलाला अधिक गुण मिळावेत म्हणून जन्मभर धडपडणाऱ्या आपल्या समाजात आईबापांनी जीव मुठीत धरून द्यावयाची ही एकच उलटी परीक्षा असेल. डॉक्टरांनी विचारावयास आरंभ केला: ‘‘हाकेला वळत नाही असे कधीपासून?’’ मी आठवू लागलो. पत्नीने पिशवीतून वही काढली आणि तारीख सांगितली. डॉक्टरांनी पेन खाली ठेवून वही हाती घेतली आणि बराच वेळ पाने उलटीत राहिले. बारा वर्षे मी जिला ‘तुझी उधारीची वही’ म्हणून चिडवत होतो, तिच्यावर त्या दिवशी आमच्या मुलाचे प्रकरण उभे राहिले.

तो अठरा वर्षांचा झाला तेव्हा आणखी एक गोष्ट कळली, जी अनेक सुशिक्षित पालकांना ठाऊक नसते. मूल सज्ञान झाले की कायद्याने आईबाप आपोआप पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यान्वये जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते. पालकत्वासाठी तिच्याकडे अर्ज करावा लागतो. मी जन्मभर इतरांचे अर्ज तपासले. माझ्याच मुलाचा बाप म्हणून मान्यता मिळावी असा अर्ज लिहिताना मात्र तीन वेळा कागद फाडला. कारण त्या अर्जाच्या मागे दुसरा प्रश्न उभा होता: आमच्यानंतर कोण? २०२४ च्या पावसाळ्याच्या तोंडी याच शहरात अशा मुलांच्या एका आश्रमात कॉलऱ्याची साथ शिरली आणि काही मुले दगावली. त्या आठवड्यात आमच्या घरात कोणी मोठ्याने बोलले नाही. आम्ही दोघे आता साठी ओलांडलेले. भाच्याचे नाव सहपालक म्हणून सुचविले आहे, निरामय योजनेचा विमा आहे, थोडी शिल्लक आहे; आणि एवढे असूनही रात्री दोन वाजता जाग येते ती येतेच.

दिवसाचे मात्र बरे चालते. २०१७ पासून आपले इंदूर स्वच्छतेसाठी देशात गाजते आहे. दारोदार येणारी कचऱ्याची गाडी आणि तिच्यावरील ध्वनिवर्धकातले गाणे आपणां सर्वांच्या परिचयाचे. इतरांना ते नगराभिमानाचे गीत. आमच्या मुलास प्रारंभी ती रोजची सकाळची यातना होती. गाडी कोपऱ्यावर वळली की तो पलंगाखाली जाई. पत्नी एके दिवशी गाडीवाल्याशी जाऊन बोलली. त्याने सारे ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरापुढे गाणे बारीक करू लागला. महिन्याभराने मुलगा दारापर्यंत आला, वर्षभराने बादली घेऊन फाटकापर्यंत. आता ओला आणि सुका कचरा निवडण्याचे काम त्याचे. शेजाऱ्यांच्या बादलीत केळ्याची साल सुक्यात दिसली तर तो तीही काढतो, आणि शेजारी काढू देतात.

गेल्या महिन्यात गाडीवर नवा माणूस आला. त्याला काही ठाऊक नव्हते. गाणे पूर्ण मोठ्याने वाजत होते. मी समजावण्यास पुढे निघालो, तोच पत्नीने माझा हात धरला. मुलाने दोन्ही बादल्या खाली ठेवल्या, कान झाकले, गाडीच्या खिडकीशी गेला आणि मराठीत म्हणाला, ‘‘पुरे.’’

संध्याकाळी मी वही उघडून पाहिली. ‘आज गाडीवाल्याला पुरे म्हणाला. गाडीवाल्याने गाणे बंद केले. मग दोन्ही बादल्या रिकाम्या केल्या. पोहे नीट खाल्ले.’