गरिबांचा वकील
(ज्युबिलीच्या स्नेहमेळाव्यांत केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं आमच्या कैलासवासी वडिलांविषयीं दोन शब्द बोलावे, अशी आपण आम्हां भावंडांस आज्ञा केली, याबद्दल आम्ही आपले ऋणी आहों. परंतु आज आम्ही केवळ त्यांची स्तुति करण्यास उभे राहिलों नाहीं. आम्हांस एक कबुलीही द्यावयाची आहे. ती शेवटीं देऊं.

बाबांची हकीकत त्यांच्या वडिलांपासून सुरू होते. आपलें धावडा गांव तेव्हां निजामाच्या राज्यांत होतें आणि कचेरीची भाषा उर्दू होती. आमच्या आजोबांना अक्षरओळख नव्हती. कर्ज घेतांना त्यांनीं एका उर्दू कागदावर अंगठा उठविला. त्या कागदांत काय लिहिलें होतें, हें जमीन हातची गेल्यावरच त्यांस कळलें. कचेरींत त्यांच्या बाजूनें बोलणारें कोणी नव्हतें. 17 सप्टेंबर 1948 रोजीं निजामी अंमल संपला, तेव्हां बाबा दहा वर्षांचे होते. राज्य पालटलें, पण गेलेली जमीन परत आली नाहीं. बाबा म्हणत, "माझा बाप हरला याचें मला दुःख नाहीं. त्याचें म्हणणें कोणीं ऐकूनच घेतलें नाहीं, याचें आहे." हें शल्य उरीं बाळगून ते औरंगाबादेस, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगरास, जाऊन वकील झाले आणि परत याच मुलखांत आले.

त्यांच्या दिनक्रमांत थाटमाट नव्हता. पहांटे प्रार्थना, मग एस. टी. नें भोकरदन; डब्यांत भाकरी, ठेचा आणि कांदा; खांद्याला कागदांची कापडी पिशवी. काळा कोट खुंटीवर टांगलेला असे, आणि घराबाहेर पडतांना तो ते घडी करून हातावर घेत. कोर्टाच्या पायरीवर पोंचल्याशिवाय तो अंगावर चढत नसे. 1 मे 1981 रोजीं जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हांपासून त्यांच्या जालन्याच्या खेपाही वाढल्या. रात्रीं आमच्याबरोबर जपमाळ म्हणून झाली, कीं कंदिलाजवळ आणि पुढें विजेच्या दिव्याखालीं दुसऱ्या दिवसाचे कागद उघडत.

बाबांचीं बहुतेक कामें ज्यांना वकील देण्याची ऐपत नव्हती अशा आरोपींचीं असत. कोर्टानें नेमावें आणि बाबांनीं जावें. मानधन जुजबी. आज तरुण मंडळींस वाटतें, कीं गरिबाला सरकारी खर्चानें वकील मिळतो यांत नवल तें काय? परंतु हा हक्क पायरीपायरीनें आला आहे. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनें सत्र न्यायालयांतील निर्धन आरोपीस सरकारी खर्चानें वकील देण्याची तरतूद केली. 1976 सालीं राज्यघटनेंत 39-अ हें कलम आलें. 1978 सालीं आपल्या महाराष्ट्रांतीलच होसकोट यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं सांगितलें, कीं तुरुंगांतील माणसास अपिलासाठीं निकालाची प्रत आणि गरज असेल तर वकील, दोन्ही विनामूल्य मिळालीं पाहिजेत. 1986 सालीं अरुणाचलांतील सुक दास यांच्या खटल्यांत त्याच न्यायालयानें शिक्षाच रद्द केली. कारण वकील मागण्याचा हक्क आहे, हें त्या गरीब आरोपीस कोणीं सांगितलेंच नव्हतें. हा शेवटचा निकाल बाबांना फार प्रिय होता. "ज्याला हक्क ठाऊकच नाहीं, तो मागणार कसा? आधीं सांगावें लागतें," असें ते म्हणत.

आतां त्या प्रसंगाकडे येतों.

1998 सालच्या मृगाच्या तोंडावर आपल्याच मंडळींतील एका शेतकऱ्याची बैलजोडी चोरीस गेली. पेरणीच्या वेळीं बैल जाणें म्हणजे काय, हें येथें बसलेल्या कोणासही सांगावें लागणार नाहीं. थोड्याच दिवसांत एक भूमिहीन मजूर पकडला गेला. बैल त्यानें नेले आणि राखणदारास मारून जखमी केलें, असा दुहेरी आरोप त्याच्यावर होता. त्याच्या वतीनें उभें राहण्यास तालुका विधि सेवा समितीनें बाबांना नेमलें.

त्या रविवारीं मिस्सा सुटल्यावर दारापाशीं कोणी बाबांशीं बोललें नाहीं. आईनें विनवणी केली, कीं हें एक काम सोडा, माणसें आपलींच आहेत. आम्ही तेव्हां कॉलेजांत शिकत होतों. मित्रांचे टोमणे ऐकून आम्ही चिडलों होतों. जेवतांना आम्हीं बाबांना सर्वांदेखत म्हटलें, "तुम्ही चोराच्या पैशावर आम्हांला पोसतां."

बाबांनीं हातांतला घास ताटांत ठेवला. ते रागावले नाहींत. थोड्या वेळानें एवढेंच बोलले, "मी चोरीच्या बाजूनें उभा राहत नाहीं, रे. मी त्या माणसाच्या शेजारीं उभा राहतों." मग हात धुऊन ते आपल्या कागदांपाशीं जाऊन बसले.

त्या माणसानें बैल नेल्याचें बाबांपाशीं कबूल केलें होतें. बाबांनीं त्याला खोटें बोलावयास शिकविलें नाहीं. त्याच्या मर्जीनें चोरीचा गुन्हा कोर्टांत कबूल करण्यांत आला. पण मारहाणीचा आरोप बाबांनीं लढविला. राखणदाराची जखम आदल्या दिवशींच्या पडण्याची होती, असें त्याच्याच उलटतपासणींत निघालें. चोरीची शिक्षा झाली, ती त्यानें भोगली. जबरी चोरी आणि दुखापत या आरोपाखालीं कदाचित् दहा वर्षें गेलीं असतीं, तीं वांचलीं. त्याचें लेंकरूं तेव्हां रांगत होतें.

जोडींतला एकच बैल परत मिळाला. त्या शेतकऱ्याचें नुकसान खरें होतें आणि त्याचा रागही खरा होता. बाबांनीं त्याला कधीं दोष दिला नाहीं. त्या पावसाळ्यांत त्यांनीं आमचा एक बैल त्याच्या दारीं पाठविला. त्यानें तो परत धाडला. पुढें दोघांचें बोलणें झालें, पण पूर्वींसारखें नाहीं. हें लपवून ठेवण्यांत अर्थ नाहीं. न्यायाच्या कामांत कांहीं जखमा तशाच राहतात.

नातवंडें झाल्यावर बाबांचा निराळाच अवतार आम्हीं पाहिला. त्यांना मांडीवर घेऊन ते संत ईवो यांच्या गोष्टी सांगत. हे संत फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतांत 1253 सालीं जन्मले, धर्मन्यायालयांत न्यायाधीश झाले आणि गरिबांचीं कामें फुकट चालवीत. 1303 च्या 19 मे रोजीं त्यांनीं देह ठेविला, आणि 1347 सालीं त्यांस संतपद मिळालें. नातवंडांची आवडती गोष्ट अशी : दोन ठकांनीं एका विधवेकडे थैली ठेवली आणि सांगितलें, कीं दोघे मिळून आल्याशिवाय ती देऊं नकोस. एकानें ती फसवून नेली, तेव्हां दुसऱ्यानें विधवेवर फिर्याद केली. संत ईवो न्यायाधीशांना म्हणाले, "बाई थैली द्यावयास तयार आहे; पण कराराप्रमाणें आधीं दोघांनीं बरोबर यावें!" नातवंडें टाळ्या पिटीत. बाबा मात्र हळूच विचारीत, "आणि ईवो नसते, तर त्या बाईचें काय झालें असतें?"

हा प्रश्न आज आम्ही आपणांस विचारतों. विधि सेवा प्राधिकरण कायदा 1987 चा असून तो 9 नोव्हेंबर 1995 पासून अंमलांत आहे. त्याप्रमाणें स्त्रिया, बालकें, अनुसूचित जाति-जमातींचे लोक, अपंग आणि कोठडींतील माणसें यांस मिळकत न पाहतां मोफत वकील मिळतो. लोकअदालतींत कोर्ट फी लागत नाहीं. 15100 या क्रमांकावर फोन करून कोणासही सल्ला विचारतां येतो. आपल्या शेजाऱ्यास हें ठाऊक नसेल, तर आपण सांगावें. एवढें केलें, तरी बाबांचें स्मारक होईल.

आतां ती कबुली. त्या रात्रीं जेवतांना आम्हीं उच्चारलेला शब्द आम्हीं कधींच परत घेतला नाहीं. पुढें आम्हांस त्यांचें मोठेपण समजलें, अभिमानही वाटूं लागला. पण "बाबा, चुकलों" हे दोन शब्द तोंडांतून निघाले नाहींत. आज-उद्यां करतां करतां ते आम्हांस सोडून गेले. त्यांना मूठमाती देतांना कबरस्तानाच्या भिंतीबाहेर एक वृद्ध मजूर आणि त्याच्याशेजारीं एक धट्टाकट्टा तरुण हात जोडून उभे होते. रांगणारें तें लेंकरूं एवढें मोठें झालें होतें. आम्हीं दोघांस आंत बोलाविलें, आणि त्यांनींही कबरेंत माती लोटली.

जो शब्द आम्हीं सर्वांदेखत उच्चारला, तो आज आपणां सर्वांदेखत परत घेतों. ज्यांचे वडील हयात आहेत, त्यांनीं आमच्याइतका उशीर करूं नये.

प्रभु येशू ख्रिस्त आमच्या बाबांच्या आत्म्यास चिरशांति देवो, आणि निराधाराच्या शेजारीं उभें राहण्याचें बळ आपणां सर्वांस देवो, हीच प्रार्थना. आमेन.