कॅटामरान कलंडत नाही, मग पावसाळ्यात बंद का?

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला 'माझा व्यवसाय' हा विषय दिला आहे. पण सकाळपासून तिघा-चौघांनी एकच प्रश्न विचारला : "तू बोटींच्या आराखड्यांचं काम करतोस ना? कॅटामरान कलंडत नाही म्हणतात, मग गेटवे-मांडवा सेवा पावसाळ्यात बंद का ठेवतात?" मला हाच विषय बरा वाटतो.

कलंडत नाही, हे बऱ्याच अंशी खरं आहे. दोन अरुंद होड्या शेजारी ठेवून वर एकच डेक टाकला की झाली कॅटामरान. (शब्द तमिळ. कट्टु म्हणजे बांधणं, मरम म्हणजे लाकूड. मूळ वस्तू मात्र ओंडक्यांचा तराफा!) एसटीत उभं राहताना आपण पाय फाकवतो, तसंच हे. मालवणकडच्या होडीची उलांडीही हेच काम करते. सगळे प्रवासी फोटो काढायला एका बाजूला गेले तरी बोट थोडीशीच झुकते.

घोळ इथेच आहे. साधी बोट जास्त भरली की डुलू लागते, नवख्यालाही भीती वाटते. कॅटामरान असा इशारा देत नाही. तिच्या होड्या अरुंद, त्यामुळे जादा वजनाने ती सरळच्या सरळ खाली बसते आणि मधल्या बोगद्याची उंची कमी होते. मग समोरून येणाऱ्या लाटेचा माथा डेकच्या पोटावर आदळतो. मोठं दार आपटावं तसा आवाज होतो, सगळी बोट थरथरते. असे तडाखे तासन् तास बसले, तर दोन्ही होड्यांना जोडणारे सांधे थकतात. म्हणून कॅटामरान पाहताना मी आधी बोगद्याची उंची पाहतो, खुर्च्या आणि एसी नंतर.

मागून येणाऱ्या लाटेचं दुखणं वेगळं. वेगात उतरताना अरुंद नाळ पुढच्या लाटेत घुसू शकते. लाट तिरकी असेल तर एक होडी वर, दुसरी खाली, आणि बोट पिळल्यासारखी हलते. साधी बोट सावकाश झुलते, ही झटक्याने परत येते. पोटात ढवळतं ते त्यामुळेच.

कलाचंही ऐका. कॅटामरानला सरळ करणारा जोर साधारण पहिल्या दहा-पंधरा अंशांतच कळसाला पोचतो. एक होडी पाण्याबाहेर आली की तो उतरू लागतो. पूर्ण उलटली, तर उलटी राहण्यातही ती तितकीच स्थिर! इंजिनाच्या बोटीला शीड नसल्याने एवढी वेळ क्वचितच येते. पण इंजिनं बंद पडून बोट लाटांना आडवी झाली, किंवा एका होडीत पाणी शिरलं, तर रुंदीचा भरवसा धरू नये.

मग मोठ्या कॅटामरान महासागर कशा ओलांडतात? 'हॉवरस्पीड ग्रेट ब्रिटन' ही टास्मानियात बांधलेली ७४ मीटरची कॅटामरान १९९० साली अटलांटिक पार करून गेली आणि तिने वेगाची हेल्स ट्रॉफी जिंकली. तिच्या दोन होड्यांच्या मध्ये, पाण्याच्या वर, तिसरी नाळ होती. मोठी लाट आली की ती बोटीला उचलून धरायची. त्यात लांबीही भरपूर. तरीही अशा वेगवान बोटींच्या परवान्यात लाटेच्या उंचीची मर्यादा लिहिलेली असते. ही उंची म्हणजे सर्वांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी. एखादी लाट तिच्या जवळजवळ दुप्पटही येते.

आपल्या मांडव्याच्या बोटी त्या मानाने चिमुकल्या. भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी रो-रो पावसातही जाते, कारण ती आकाराने कितीतरी मोठी आहे. आणि खराब हवेत तीही थांबवतात. तेव्हा "बोट मजबूत आहे, सोडा की" असा तगादा तांडेलापाशी लावू नका. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळला की जरूर जा. मळमळत असेल तर वरच्या डेकवर पुढे बसू नका. खाली, मध्याच्या थोडं मागे जागा धरा, तिथे हेलकावा सर्वांत कमी.