ओळख आणि वशिला

(कार्यकर्ता शिबिरातील भाषण)



नवऱ्याने टाकलेली बाई दारात आली तर काय करायचं, हे आपल्याला सरावाने कळतं. पण नोकरीसाठी कुणी शब्द टाकायला सांगितलं की आपण बिचकतो. एका मैत्रिणीच्या धाकट्या जावेला एका खाजगी न्यासाच्या वस्तुसंग्रहालयात सहायक अभिरक्षकाच्या जागेसाठी अर्ज करायचा होता. तिथल्या एका विश्वस्तांशी माझी ओळख. "एवढं बोलशील का?" मैत्रिणीने विचारलं.

मी बोलले नाही. पुरुषांचा गोतावळा कचेरीत, लग्नाच्या पंगतीत हे काम बिनबोभाट करत असतो, मग आपणच सोवळं का पाळायचं, हा तिचा प्रश्न खोटा नव्हता. पण त्याच जागेसाठी अशीही मुलगी अर्ज करणार, जिची कुणाशीच ओळख नाही. तिचं काय? तेव्हा विश्वस्तांकडे न जाता जावेकडे गेले.

तिचं एम. ए. प्राचीन भारतीय इतिहासात. नंतरची नऊ वर्षं घरात. अर्जावर तिने लिहिलं होतं, 'अनुभव : नाही'. बोलता बोलता कळलं की सासरच्या गावच्या वाचनालयातल्या दीडशेवर पोथ्यांची यादी तिने केली होती. पानं मोजून, लांबी-रुंदी शिवणाच्या टेपने घेऊन, कुठल्या पोथीला कसर लागली आहे तेही टिपून. पैसे मिळाले नव्हते, म्हणून तिच्या लेखी ते कामच नव्हतं! अहो, संग्रहालयाचा पायाच ती नोंदवही. वस्तू कुठून, केव्हा, कुठल्या अवस्थेत आली हे लिहिलेलं नसेल तर ती नुसती अडगळ. जरीचं वस्त्र घडीवर चिरतं, म्हणून ते गुंडाळून ठेवावं, हे आज संग्रहालयशास्त्रात शिकवतात. बडोद्याच्या विद्यापीठात तो विभाग १९५२ पासून आहे. आपल्या आज्या पैठणीची घडी अधूनमधून बदलायच्या, त्या याच कारणाने. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले दिवे, अडकित्ते, वज्र्या, स्वयंपाकाची भांडी बघून या. बायकांच्या हातून गेलेल्या या वस्तू ओळखायला बाईहून कोण चांगलं?

अर्ज नव्याने लिहिला. मुलाखतीचा सराव आम्ही तिघींनी घेतला. 'मूल लहान आहे, जमेल का?' हा प्रश्न येणार हे ठाऊक होतं, आणि तो आलाच. भरतीत बाई म्हणून डावलायला १९७६ च्या समान वेतन कायद्याने मनाई केली होती, २०१९ च्या वेतन संहितेतही ती आहे. पण मुलाखतीत कलमं म्हणून दाखवली तर जागा गेलीच समजा. तिने शांतपणे विचारलं, "हा प्रश्न सगळ्या उमेदवारांना आहे का?" कुणी उत्तर दिलं नाही, पुढचा प्रश्न पोथ्यांवर आला. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या १९६० मधल्या पहिल्या संचालक, ग्रेस मोर्ले, बाईच होत्या, हेही तिला सांगून ठेवलं होतं. त्याची वेळ आली नाही.

जागा तिला मिळाली, पण अकरा महिन्यांच्या करारावर. रजा आणि भविष्यनिर्वाह निधी यांबद्दल पत्रात अवाक्षर नाही. नाव खोडून त्या पत्राची प्रत मी आणली आहे. चहानंतर ती वाचू.