घरातल्या सेलचा हिशेब

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेले मार्गदर्शन)



पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र तुम्हाला तोंडपाठ आहे: लेखे अद्ययावत ठेवणे. गटाच्या पै-पैचा हिशेब तुम्ही ठेवता. आज मी तुम्हाला घरातल्या सेलचा हिशेब ठेवा असं सांगणार आहे. हसू नका, यात एखाद्या लेकराचा जीव अडकलेला असू शकतो.

आधी मोजा. घड्याळ, रिमोट, टॉर्च, वजनकाटा, ताप बघायचं यंत्र, पोरांची खेळणी. घरात सात-आठ सेल सहज निघतात. आणि सुटे सेल कुठं असतात? फडताळात, खिळे, सुया, चिल्लर यांच्यात. त्यातला नवा कुठला, संपलेला कुठला, कोणीच सांगू शकत नाही. मग रात्री लाईट जाते, बाहेर पाय टाकायचा असतो, विंचू-काट्याची भीती असते, आणि टॉर्च नेमका मिणमिणतो.

यावर उपाय सोपा आहे. झाकणाचे तीन डबे घ्या. पहिला नव्या सेलचा, दुसरा अर्धवट वापरलेल्यांचा, तिसरा संपलेल्यांचा. लिहिता-वाचता येत नसेल तरी अडत नाही. पहिल्यावर हिरवी टिकली, दुसऱ्यावर पिवळी, तिसऱ्यावर लाल. डबे प्लास्टिकचेच घ्या. पत्र्याच्या डब्यात किंवा चिल्लरीत सेलची दोन्ही टोकं धातूला एकदम टेकली तर सेल तापतो. चौकोनी नऊ व्होल्टच्या बॅटरीची दोन्ही टोकं एकाच बाजूला असतात, म्हणून त्यांवर चिकटपट्टी लावूनच ठेवा. डबे चुलीपासून आणि उन्हापासून लांब, कोरड्या जागी असू द्या.

आता चिठ्ठी. सेल घालाल त्या दिवशी छोट्या चिकटपट्टीवर तारीख लिहा आणि घड्याळाच्या मागं, टॉर्चच्या बुडाशी चिकटवा. म्हणजे सेल किती दिवस चालला ते कळतं, आणि कुठला सेल परवडतो तेही. टॉर्चला पुरत नाही असा सेल भिंतीवरच्या घड्याळात बरेचदा आणखी चालतो, कारण घड्याळाला वीज फार थोडी लागते. पिवळ्या टिकलीचा डबा त्यासाठीच आहे.

जोडीचे सेल एकदमच बदला. नव्याबरोबर जुना घातला तर जुना लवकर संपतो, नवा त्याला रेटत राहतो, आणि जुना गळायला लागतो. वस्तू महिनाभर वापरायची नसेल तर सेल काढून ठेवा. गळालेल्या सेलला उघड्या हातानं शिवू नका. हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून काढा, नंतर हात साबणानं धुवा.

आपल्याकडं सेल उन्हात ठेवायची पद्धत आहे. ऊब मिळाली की तो घटकाभर उजेड देतो खरा, पण गळायचा धोका वाढतो. आणि सेल चुलीत तर कधीच टाकू नका, तो फुटतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. चपटी, चकचकीत, नाण्यासारखी बटण सेल. तिच्यावर बरेचदा सीआर २०३२ असं छापलेलं असतं. म्हणजे २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड. एवढी वस्तू लहान लेकराच्या अन्ननलिकेत बरोबर अडकते. लाळ लागली की तिथंच वीज वाहते आणि आतली कातडी भाजते. दोन तासांत मोठी इजा होऊ शकते. संपलेली सेलसुद्धा नुकसान करू शकते, कारण तिच्यात थोडा जोर शिल्लक असतो.

म्हणून अशी सेल काढली की लगेच दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावा आणि डबा लेकरांचा हात पोचणार नाही इतका उंच ठेवा. ज्या खेळण्याचं सेलचं झाकण स्क्रूनं बसत नाही, ते लेकराच्या हातात देऊ नका. लेकरानं सेल गिळल्याची नुसती शंका आली, लाळ गळतेय, खोकला येतोय, घास नको म्हणतंय, तर उलटी करवू नका, केळं-भाकरी चारू नका, उद्यावर ढकलू नका. १०८ ला फोन करा आणि एक्स-रेची सोय असलेल्या दवाखान्यात न्या. "बटण सेल गिळली असेल" हे शब्द डॉक्टरांना आधी सांगा.

राहिला लाल टिकलीचा डबा. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्र सरकारचे बॅटरी कचऱ्याचे नियम आले. संपलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची विल्हेवाट लावायची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे. आपली जबाबदारी अशी, की त्या घरच्या कचऱ्यात मिसळायच्या नाहीत, वेगळ्या ठेवून गोळा करणाऱ्यांकडं द्यायच्या. म्हणून प्रत्येक ग्रामसंघानं एक मोठी बरणी ठेवावी, गटांनी आपले लाल डबे तिच्यात रिकामे करावेत, आणि ती कुठं पोचवायची हे ग्रामपंचायतीला लेखी विचारावं. एकटीनं विचारलं तर उत्तर मिळेल न मिळेल, ग्रामसंघाच्या ठरावाला मात्र वजन असतं.

तर पुढच्या साप्ताहिक बैठकीत बचत गोळा झाली की पाच मिनिटं काढा. प्रत्येकीनं सांगायचं: माझ्या घरात सेल किती, बटण सेल किती, आणि त्या कुठं ठेवल्यात. सचिव ताईंनी ते इतिवृत्तात लिहून घ्यावं.